दोन गोलार्धांचे एक विजेतेपद : रग्बी लीगमधील इंग्लिश व ऑस्ट्रेलियन क्लबांच्या लढती

‘विश्वविजेता’ हे बिरुद ज्या स्पर्धेत केवळ दोन देशांतील क्लबांमध्ये वाटले जाते, तिचा इतिहास लिहिताना प्रथम त्या बिरुदाचाच अर्थ तपासून पाहावा लागतो. रग्बी लीग या तेरा खेळाडूंच्या खेळाची खरी भूमी अतिशय मर्यादित आहे. उत्तर इंग्लंडमधील लँकेशायर व यॉर्कशायर येथील गिरण्यांची व खाणींची गावे हा तिचा एक भाग, आणि पृथ्वीच्या दुसऱ्या टोकास न्यू साउथ वेल्स व क्वीन्सलंड हा दुसरा. न्यूझीलंड, फ्रान्स, पापुआ न्यू गिनी येथेही हा खेळ रुजला आहे; परंतु क्लबांच्या पातळीवरील सत्ता व संपत्ती या दोनच केंद्रांत एकवटलेली राहिली. या दोन केंद्रांच्या विजेत्या क्लबांमध्ये होणाऱ्या सामन्यास ‘वर्ल्ड क्लब चॅलेंज’ असे नाव आहे. १९७६ चा अनधिकृत सामना धरून २०२४ पर्यंत अशा एकूण २९ लढती झाल्या. त्यांपैकी १५ इंग्लिश क्लबांनी जिंकल्या व १४ ऑस्ट्रेलियन क्लबांनी. १९९७ साली एक विस्तृत स्पर्धा भरविण्यात आली होती. तिचा प्रकार निराळा असल्याने ती या गणनेत घेतलेली नाही.

हे पंधरास चौदा असे प्रमाण प्रथमदर्शनी बरोबरीचे वाटते, आणि नेमके तेच कोड्यात टाकणारे आहे. राष्ट्रीय संघांचा इतिहास पाहिला तर अशी बरोबरी कोठेच आढळत नाही. ॲशेस या नावाने ओळखली जाणारी ऑस्ट्रेलियाविरुद्धची मालिका ब्रिटनने १९७० साली जिंकली, ती शेवटचीच. विश्वचषकावरही १९७२ नंतर ब्रिटिश संघाचे नाव कोरले गेले नाही. १९८२ व १९८६ साली ब्रिटनमध्ये आलेले ऑस्ट्रेलियन संघ आपल्या दौऱ्यात एकही सामना न हरता परत गेले. मग ज्या देशाचा राष्ट्रीय संघ अर्धशतकभर पराभूत होत राहिला, त्याच देशाचे क्लब ऑस्ट्रेलियन विजेत्यांशी बरोबरी कशी करू शकले? क्लबांमधून परदेशी खेळाडू खेळतात, हे उत्तर काही अंशी खरे आहे, पण पुरेसे नाही. या लढतींच्या निकालांपेक्षा त्यांच्या तारखांकडे अधिक बारकाईने पाहिले, तर कोड्याचा मोठा भाग उलगडतो, असे येथे दाखवावयाचे आहे.

काळाचा प्रश्न या खेळाच्या जन्मापासूनच त्याच्या पाठीशी लागलेला आहे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस उत्तर इंग्लंडमध्ये रग्बी खेळणारे बहुसंख्य तरुण गिरणीत, खाणीत किंवा गोदीत रोजंदारीवर काम करीत. शनिवारच्या सामन्यासाठी प्रवास करावयाचा म्हणजे कामावर खाडा पडे, आणि खाडा पडला की रोज बुडे. बुडालेल्या रोजाची भरपाई क्लबाने द्यावी, एवढीच उत्तरेकडील क्लबांची मागणी होती. २० सप्टेंबर १८९३ रोजी लंडन येथे रग्बी फुटबॉल युनियनच्या सभेत यॉर्कशायरच्या वतीने जेम्स मिलर यांनी तसा ठराव मांडला. तो २८२ विरुद्ध १३६ मतांनी फेटाळला गेला. ज्यांना खेळासाठी मजुरी बुडविण्याचा प्रसंगच येत नव्हता, अशांच्या हौशीपणाच्या कल्पनेने ज्यांचा रोज बुडत होता त्यांच्यावर मिळविलेला हा विजय होता. त्यानंतर दोन वर्षांनी, २९ ऑगस्ट १८९५ रोजी, हडर्सफील्ड येथील जॉर्ज हॉटेलमध्ये उत्तरेकडील क्लबांनी ‘नॉर्दर्न युनियन’ ही स्वतंत्र संस्था स्थापन केली व दिवसास सहा शिलिंगांपर्यंत भरपाई देण्यास मान्यता दिली. पहिल्या हंगामात या संस्थेत २२ क्लब होते. १९०६ साली खेळाडूंची संख्या पंधरावरून तेरावर आणली गेली, आणि पुढे १९२२ साली संस्थेचे नाव ‘रग्बी फुटबॉल लीग’ असे झाले.

या २२ क्लबांच्या यादीत विगन, विडनेस, सेंट हेलन्स, लीड्स व ब्रॅडफर्ड ही नावे आहेत. २०२४ पर्यंत वर्ल्ड क्लब चॅलेंज जिंकणारे इंग्लिश क्लब हे पाचच होत. यात ब्रॅडफर्डच्या बाबतीत एक खुलासा आवश्यक आहे : त्या शहराचा मूळ क्लब १९०७ साली असोसिएशन फुटबॉलकडे वळला आणि रग्बीनिष्ठ मंडळींनी ‘ब्रॅडफर्ड नॉर्दर्न’ हा नवा क्लब उभारला, तोच १९९६ पासून ‘ब्रॅडफर्ड बुल्स’ म्हणून ओळखला जातो. एवढा अपवाद सोडला, तर इंग्लंडच्या बाजूने शंभर वर्षांत पात्रे बदललीच नाहीत असे म्हणावयास हरकत नाही.

ऑस्ट्रेलियातील कथा थोड्या फरकाने हीच आहे. सिडनीच्या अॅलेक्स बर्डन या खेळाडूस दुखापत झाली, काम बुडाले आणि रग्बी संस्थेकडून भरपाई मिळाली नाही. या प्रकरणाने असंतोष पेटला. ऑगस्ट १९०७ मध्ये ‘न्यू साउथ वेल्स रग्बी फुटबॉल लीग’ स्थापन झाली. तिचे चिटणीस जेम्स गिल्टिनन होते, तर खजिनदार होते व्हिक्टर ट्रम्पर. क्रिकेटच्या इतिहासात अजरामर झालेला हा फलंदाज मजुरांच्या रग्बीचा हिशेब सांभाळत होता, ही गोष्ट क्रिकेटच्या ग्रंथांत सहसा उल्लेखिली जात नाही. १९०८ साली सिडनीची प्रीमियरशिप सुरू झाली व साउथ सिडनी हा पहिला विजेता ठरला. त्याच वर्षी ऑस्ट्रेलियन संघ ब्रिटनच्या दौऱ्यावर निघाला. तेव्हापासून राष्ट्रीय संघांच्या भेटीगाठी ठराविक वर्षांनी होत राहिल्या; परंतु दोहोंकडील विजेते क्लब सुमारे सत्तर वर्षे एकमेकांसमोर कधी उभे राहिले नाहीत.

याचे कारण उघड होते. दोन्हीकडे हा हिवाळी खेळ. आणि एका गोलार्धाचा हिवाळा तो दुसऱ्याचा उन्हाळा. इंग्लंडचा हंगाम सप्टेंबरच्या सुमारास सुरू होऊन मे महिन्यात संपे. सिडनीचा हंगाम मार्च-एप्रिलमध्ये सुरू होऊन सप्टेंबरमध्ये संपे. एक क्लब ताजातवाना असताना दुसरा थकलेला असावयाचा, किंवा एक पूर्ण भरात असताना दुसरा सुट्टीवर गेलेला असावयाचा. त्यातच जहाजाचा प्रवास कित्येक आठवड्यांचा. राष्ट्रीय संघाला असा प्रवास परवडे, कारण त्याच्यामागे संपूर्ण दौऱ्याचे उत्पन्न असे. एकट्या क्लबाला तो परवडण्यासारखा नव्हता. विमानाने अंतराची अडचण दूर केली. हंगामाची अडचण मात्र विमानाने दूर होणारी नव्हती.

पहिली लढत २९ जून १९७६ रोजी सिडनी क्रिकेट ग्राउंडवर झाली. ईस्टर्न सबर्ब्स या १९७५ च्या विजेत्या क्लबाने सेंट हेलन्सचा २५-२ असा धुव्वा उडविला. ईस्टर्न सबर्ब्सचे प्रशिक्षक जॅक गिब्सन व कर्णधार आर्थर बीट्सन ही त्या काळातील ऑस्ट्रेलियन रग्बी लीगमधील सर्वांत मोठी नावे होती. तथापि दोन गोष्टी ध्यानात घ्यावयास हव्यात. एक म्हणजे सेंट हेलन्सने त्या वर्षी चॅलेंज कप व प्रीमियरशिप जिंकली होती, परंतु साखळीतील विजेतेपद सॅलफर्डकडे होते. तेव्हा ‘इंग्लंडचा विजेता’ हे विशेषण येथे सैलपणे वापरलेले आहे. दुसरे, सेंट हेलन्सचा हंगाम २२ मे रोजीच संपला होता, तर ईस्टर्न सबर्ब्सचा ऐन भरात होता. सामना गाजला, आणि त्यानंतर अकरा वर्षे तशी लढत झाली नाही.

१९८७ साली विगन क्लबाचे अध्यक्ष मॉरिस लिंडसे यांनी पुढाकार घेऊन ऑस्ट्रेलियाच्या विजेत्या मॅनली-वॉरिंगाला आमंत्रण दिले. ७ ऑक्टोबर रोजी विगनच्या सेंट्रल पार्क मैदानावर ३६,८९५ प्रेक्षकांसमोर झालेला हा सामना रग्बी लीगच्या इतिहासात एका चमत्कारिक कारणाने स्मरणीय ठरला आहे : त्यात एकही ट्राय झाला नाही. विगनच्या डेव्हिड स्टीव्हन्सनने चार पेनल्टी गोल केले, मॅनलीला एक मिळाला, आणि सामना ८-२ असा सुटला. मॅनलीच्या रॉन गिब्जला पंचांनी मैदानाबाहेर काढले. अशा रुक्ष धावफलकावरून सामन्याची कल्पना येत नाही. अवघ्या वर्षभरापूर्वी ऑस्ट्रेलियाचा राष्ट्रीय संघ इंग्लंडमधून अपराजित परत गेला होता. त्या देशाच्या विजेत्या क्लबाला कोळशाच्या एका गावाने ट्रायही करू दिला नाही, हा त्या रात्रीचा अर्थ होता. विगनचे प्रशिक्षक ग्रॅहॅम लो हे न्यूझीलंडचे असले, तरी मैदानावरचे सारे खेळाडू ब्रिटिश होते, हेही स्थानिक अभिमानाला पूरक ठरले.

आता तारखा पाहाव्यात. मॅनलीने सिडनीतील अंतिम सामना २७ सप्टेंबर १९८७ रोजी जिंकला. विगन येथील सामना बरोबर दहा दिवसांनी झाला. १९८९ साली कॅनबेरा रेडर्सने २४ सप्टेंबर रोजी, तोही जादा वेळेत गेलेला, अंतिम सामना जिंकला व ४ ऑक्टोबर रोजी मँचेस्टरच्या ओल्ड ट्रॅफर्डवर विडनेसला तोंड दिले. अंतर पुन्हा दहा दिवसांचे. कॅनबेराने प्रारंभीच १२-० अशी आघाडी घेतली, पण विडनेसने सामना ३०-१८ असा फिरविला. विडनेसचा मार्टिन ओफाया याने त्यात दोन ट्राय केले. १९९१ साली पेनरिथने २२ सप्टेंबरला अंतिम सामना जिंकला आणि २ ऑक्टोबरला लिव्हरपूलच्या ॲनफील्ड मैदानावर विगनकडून २१-४ असा पराभव पत्करला. तिसऱ्यांदाही दहाच दिवस. दीर्घ हंगाम संपवून, विजयाचे उत्सव उरकून, निम्मी पृथ्वी ओलांडून आलेला संघ एका बाजूला. आणि हंगाम सुरू होऊन महिनाभर झालेला, अंगात उमेद असलेला संघ दुसऱ्या बाजूला, असे हे तिन्ही सामने होते.

१९९२ चा सामना या दृष्टीने जवळजवळ प्रयोगशाळेतील उलट पुराव्यासारखा आहे. ब्रिस्बेन ब्रॉन्कोज संघाने अंतिम सामना २७ सप्टेंबरला जिंकला, परंतु विगनशी गाठ पडली ती ३० ऑक्टोबरला. मधल्या काळात, २४ ऑक्टोबर रोजी, लंडनच्या वेंबली मैदानावर विश्वचषकाचा अंतिम सामना झाला व तो ऑस्ट्रेलियाने १०-६ असा जिंकला. त्यात विजयी ट्राय करणारा स्टीव्ह रेनॉफ हा ब्रिस्बेनचाच खेळाडू, आणि त्याच्या क्लबाचे इतरही सोबती त्या चमूत होते. म्हणजे विश्रांती मिळालेला, इंग्लंडच्या हवेत आधीच रुळलेला संघ या वेळी मैदानात उतरला. ब्रिस्बेनने विगनचा त्याच्याच मैदानावर २२-८ असा पराभव केला. इंग्लिश भूमीवर ही लढत जिंकणारा तो पहिला ऑस्ट्रेलियन क्लब होय.

येथवर पुरावा इतका सुसंगत आहे की, एखाद्यास तारखांवरूनच निकाल सांगता येईल असे वाटावे. १९९४ चा सामना या आत्मविश्वासाला धक्का देतो. विगनने २२ मे रोजी ओल्ड ट्रॅफर्डवर कॅसलफर्डला हरवून आपला हंगाम संपविला, आणि १ जून रोजी ब्रिस्बेनमध्ये ब्रॉन्कोजशी सामना खेळला. पुन्हा तेच दहा दिवस, परंतु या वेळी थकवा व प्रवास इंग्लिश क्लबाच्या वाट्याला आला होता. शिवाय विगनच्या प्रशिक्षकास काही आठवड्यांपूर्वीच दूर करण्यात आले होते व ग्रेम वेस्ट यांनी सूत्रे नुकतीच हाती घेतली होती. ५४,२२० प्रेक्षकांसमोर विगनने हा सामना २०-१४ असा जिंकला. ऑस्ट्रेलियात जाऊन ऑस्ट्रेलियन विजेत्याला हरविणारा तो पहिला इंग्लिश क्लब. हंगामाचा सिद्धांत येथे लागू पडत नाही, एवढे मोकळेपणाने मान्य करणे भाग आहे. १९८७ ते १९९५ या काळातील विगन हा पूर्णवेळ व्यावसायिक खेळाडू बाळगणारा, असामान्य बळाचा क्लब होता. आणि असामान्य संघ सर्वसाधारण कारणांच्या चौकटीत बसत नाहीत.

१९९५ साली या साऱ्या व्यवस्थेची मुळेच हलली. दूरचित्रवाणीच्या हक्कांवरून रूपर्ट मर्डॉक यांची न्यूज लिमिटेड ही कंपनी आणि ऑस्ट्रेलियन रग्बी लीग या संस्थेमागे उभे असलेले केरी पॅकर यांच्यात उघड संघर्ष पेटला. (१९७७ साली क्रिकेटची घडी विस्कटणारे पॅकर या वेळी प्रस्थापित संस्थेच्या बाजूने होते, हा इतिहासातील एक विनोद.) ऑस्ट्रेलियातील क्लब व खेळाडू दोन छावण्यांत विभागले गेले. ब्रिटनमध्ये त्याच वर्षीच्या एप्रिलमध्ये मर्डॉक यांचा देकार स्वीकारण्यात आला. सात कोटी सत्तर लाख पौंडांपासून सुरू झालेली रक्कम अखेर आठ कोटी सत्तर लाखांवर स्थिरावली. वाटाघाटी करणारे प्रमुख अधिकारी होते मॉरिस लिंडसे, म्हणजे १९८७ च्या सामन्याचेच सूत्रधार. कॅसलफर्ड, वेकफील्ड व फेदरस्टोन यांसारख्या शेजारच्या गावांचे क्लब एकत्र करण्याची योजनाही मांडली गेली होती. प्रेक्षकांच्या तीव्र विरोधामुळे ती सोडून द्यावी लागली. परंतु एक अट टिकली. १९९६ पासून इंग्लंडमधील हा शंभर वर्षांचा हिवाळी खेळ उन्हाळ्यात खेळला जाऊ लागला. दोन गोलार्धांची वेळापत्रके प्रथमच जुळली ती खेळाडूंच्या वा गावांच्या सोयीसाठी नव्हे, तर प्रक्षेपणाच्या सोयीसाठी, ही गोष्ट नोंदवून ठेवण्यासारखी आहे. खाड्याच्या भरपाईसाठी जन्मलेल्या खेळाचा काळ आता दुसऱ्याच कोणी तरी विकत घेतला होता.

जुळलेल्या वेळापत्रकाचे पहिले फळ म्हणजे १९९७ ची ‘वर्ल्ड क्लब चॅम्पियनशिप’. युरोपातील १२ व ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडमधील १० अशा मर्डॉकपक्षीय २२ क्लबांनी हंगामाच्या मध्येच पृथ्वीच्या फेऱ्या मारून ही स्पर्धा खेळावयाची होती. निकाल बहुतांशी एकतर्फी लागले. उपांत्य फेरीत पोहोचलेले ब्रिस्बेन, ऑकलंड, क्रोनला व हंटर मरिनर्स हे चारही क्लब दक्षिण गोलार्धातील होते. १७ ऑक्टोबर रोजी ऑकलंड येथे ब्रिस्बेनने हंटर मरिनर्सचा ३६-१२ असा पराभव केला. या अंतिम सामन्यापेक्षा त्यातील पराभूत क्लबाची कथा अधिक उद्बोधक आहे. हंटर मरिनर्स हा न्यूकॅसल या कोळशाच्या व पोलादाच्या शहरात मर्डॉक पक्षाने नव्याने उभा केलेला क्लब. त्याच शहराचा जुना क्लब न्यूकॅसल नाइट्स विरुद्ध छावणीत होता, आणि २८ सप्टेंबर १९९७ रोजी त्याने शेवटच्या काही सेकंदांत ट्राय करून मॅनलीवर २२-१६ असा विजय मिळविला व त्या छावणीची प्रीमियरशिप जिंकली. म्हणजे तीन आठवड्यांच्या आत एकाच शहराच्या एका क्लबाने ऑस्ट्रेलियाचे एक विजेतेपद मिळविले आणि दुसरा क्लब ‘जगाच्या’ अंतिम सामन्यात खेळला. पण शहराने आपला मानला तो पहिल्यालाच. हंटर मरिनर्स त्या एका हंगामानंतर विसर्जित झाला. त्या स्पर्धेतील पॅरिस व पर्थ येथील क्लबांचीही तीच गत झाली. क्लब म्हणजे काय, याविषयीचा वाद एरव्ही शब्दांत घातला जातो; १९९७ साली तो व्यवहारात निकालात निघाला.

१९९८ साली ऑस्ट्रेलियातील दोन छावण्यांचा समेट होऊन नॅशनल रग्बी लीग अस्तित्वात आली, आणि जानेवारी २००० पासून दोन विजेत्यांच्या एकाच सामन्याची जुनी प्रथा पुन्हा सुरू झाली. आरंभ इंग्लंडला अशुभ ठरला. विगन येथे मेलबर्न स्टॉर्मने सेंट हेलन्सला ४४-६ असे हरविले. मेलबर्न हा १९९८ साली स्पर्धेत उतरलेला, रग्बी लीगची परंपरा नसलेल्या शहराचा क्लब. दुसऱ्याच हंगामात तो ऑस्ट्रेलियाचा विजेता झाला होता. पाच-सहा पिढ्यांची निष्ठा पाठीशी असलेल्या सेंट हेलन्सला त्याने असे लोळवावे, हे जुन्या मंडळींना झोंबले असल्यास नवल नाही. पण पुढच्याच वर्षी, २६ जानेवारी २००१ रोजी, सेंट हेलन्सने बोल्टन येथे कडाक्याच्या थंडीत ब्रिस्बेनला २०-१८ असे नमविले. फरक पडला तो दोन ड्रॉप गोलांचा. २००१ ते २००८ या आठ वर्षांत इंग्लिश क्लबांनी सात वेळा ही लढत जिंकली. ब्रॅडफर्डने तीनदा, सेंट हेलन्स व लीड्स यांनी प्रत्येकी दोनदा. मध्ये फक्त २००३ साली सिडनी रूस्टर्सने सेंट हेलन्सला ३८-० असे धुऊन काढले. हे सारे सामने इंग्लंडमध्येच झाले.

आता वेळापत्रके जुळली असतील, तर हंगामाचा प्रश्न उरतोच कोठे? तो उरतो, कारण जुळणी पूर्ण नव्हती. सामना वर्षारंभी, दोन्हीकडील हंगामांच्या तोंडाशी होऊ लागला. परंतु ऑस्ट्रेलियन हंगाम मार्चमध्ये सुरू होतो आणि जानेवारी-फेब्रुवारीत तेथील खेळाडू उन्हाळ्यातील सरावाच्या प्राथमिक अवस्थेत असतात. तेथून ते उत्तर इंग्लंडच्या चिखलात व गारठ्यात येऊन पडत. जसजसा सामना मार्चच्या जवळ सरकेल, तसतशी ऑस्ट्रेलियन संघाची तयारी वाढलेली असणार. ही अटकळ तारखांवर तपासून पाहता येते. २००० ते २०२४ या काळात इंग्लंडमध्ये असे २० सामने झाले. त्यांपैकी १९ फेब्रुवारीपर्यंत झालेले सामने दहा. त्यांत इंग्लिश क्लबांचे विजय सात, ऑस्ट्रेलियनांचे तीन. २० फेब्रुवारीनंतर झालेले सामनेही दहाच. त्यांत इंग्लिश विजय तीन, ऑस्ट्रेलियन सात. आकडे एकमेकांचे अगदी आरशातील प्रतिबिंब आहेत.

अशा नीटस आकड्यांकडे संशयाने पाहणे हे अभ्यासकाचे कर्तव्यच आहे. उशिराच्या तारखांचे सामने बहुतेक २००७ नंतरचे आहेत, आणि त्याच काळात दुसरे एक कारण बळावत होते, ते म्हणजे पैसा. २०१३ ते २०१७ या पाच वर्षांच्या प्रक्षेपणहक्कांसाठी ऑस्ट्रेलियन लीगला सुमारे १०२.५ कोटी ऑस्ट्रेलियन डॉलर मिळाले. इंग्लंडमधील लीगला याच्या जवळपास जाणेही शक्य नव्हते. पूर्वी ऑस्ट्रेलियन व न्यूझीलंडर खेळाडू कारकिर्दीच्या मध्यावर इंग्लंडची वाट धरीत. आता इंग्लंडचेच उत्तम खेळाडू सिडनीकडे जाऊ लागले. २००९ ते २०२० या बारा सामन्यांत इंग्लिश क्लब केवळ दोनदा विजयी झाले, २०१२ साली लीड्स व २०१७ साली विगन. २०१५ व २०१६ साली दोन्हीकडचे तीन-तीन क्लब उतरवून मालिका भरविण्यात आली, तेव्हा सहाही सामने ऑस्ट्रेलियन क्लबांनी जिंकले. साउथ सिडनीने तर सेंट हेलन्सला त्याच्या घरी ३९-० असे हरविले. तारीख व पैसा या दोन कारणांपैकी कोणाचा वाटा किती, हे वीस सामन्यांवरून वेगळे करून दाखविता येणार नाही. तथापि २०१२ व २०१७ चे ते दोन इंग्लिश विजय अनुक्रमे १७ व १९ फेब्रुवारीचे आहेत, ही गोष्ट तारखेच्या बाजूने बोलते. उलट २०१९ साली १७ फेब्रुवारीलाच सिडनी रूस्टर्सने विगनवर २०-८ असा विजय मिळविला, हेही सांगितले पाहिजे.

२०१७ च्या विजयाचे आणखी एक वैशिष्ट्य आहे. त्या विगन संघाचे प्रशिक्षक शॉन वेन हे १९८७ च्या सेंट्रल पार्कवरील सामन्यात विगनकडून खेळले होते. इंग्लंडच्या बाजूने पात्रे बदलत नाहीत हे वर म्हटलेच आहे. मैदान मात्र बदलले होते, कारण विगनने सेंट्रल पार्क १९९९ सालीच सोडले.

पैशाच्या संदर्भात २०१० चे प्रकरण वगळता येत नाही. २८ फेब्रुवारी २०१० रोजी मेलबर्न स्टॉर्मने लीड्सचा १८-१० असा पराभव केला. दोन महिन्यांच्या आत, २२ एप्रिल रोजी, हा क्लब अनेक वर्षे वेतनमर्यादा ओलांडून खेळाडूंना छुपी रक्कम देत होता असे उघडकीस आले. त्याची २००७ व २००९ ची ऑस्ट्रेलियन विजेतेपदे काढून घेण्यात आली, आणि जागतिक विजेतेपदही हिरावले गेले. ते लीड्सला मात्र देण्यात आले नाही. वरील गणनेत हा सामना ऑस्ट्रेलियन विजय म्हणून धरला आहे, कारण मैदानावर जे घडले ते पुसता येत नाही. परंतु मैदानावर जे खेळाडू होते ते कोणत्या दामाने तेथे उभे होते, हाही इतिहासाचाच भाग आहे. १८९५ साली दिवसाला सहा शिलिंगांची मर्यादा घालणाऱ्या संस्थेपुढे जो प्रश्न होता, त्याच जातीचा हा प्रश्न होय.

ऑस्ट्रेलियात झालेल्या सामन्यांविषयी थोडे बोलावयास हवे, कारण घरच्या मैदानाचा लाभ हे कोड्याचे सर्वांत सोपे उत्तर म्हणून पुढे केले जाते. १९८७ ते २०२४ या काळातील २८ सामन्यांपैकी २४ इंग्लंडमध्ये झाले, हे खरे. त्या चोवीसांत इंग्लिश विजय तेरा व ऑस्ट्रेलियन अकरा आहेत. घरच्या मैदानाचा लाभ म्हणून हे प्रमाण फार मोठे नाही. ऑस्ट्रेलियातील चार सामन्यांत मात्र निकाल दोन-दोन असे बरोबरीचे आहेत. २०१४ साली सिडनी रूस्टर्सने विगनला ३६-१४ असे, तर २०१८ साली मेलबर्नने लीड्सला ३८-४ असे हरविले. १९९४ चा विगनचा विजय वर आलाच आहे. चौथा सामना १८ फेब्रुवारी २०२३ चा.

करोनाच्या साथीमुळे २०२१ व २०२२ साली लढत झाली नव्हती. २०२३ साली सेंट हेलन्स हा इंग्लंडचे विजेतेपद लागोपाठ चार वेळा मिळविलेला क्लब सिडनीच्या पश्चिमेकडील पेनरिथ येथे गेला. पेनरिथ पँथर्स हाही लागोपाठ दोन वर्षांचा विजेता. फेब्रुवारीतील ऑस्ट्रेलियन उन्हाळा, प्रवासाचा शीण, परके मैदान; आणि सेंट हेलन्सचे प्रशिक्षक पॉल वेलन्स यांची प्रमुख म्हणून ही पहिलीच लढत. सामना संपत असताना पेनरिथने ट्राय व त्यावरील गोल साधून १२-१२ अशी बरोबरी केली. जादा वेळेत पहिला गुण करील तो विजेता, असा नियम होता. ल्युइस डॉड याने ड्रॉप गोल मारला आणि सेंट हेलन्स १३-१२ असा विजयी झाला. येथे दोन्ही संघांचा हंगाम सुरू व्हावयाचा होता. दोघेही सारखेच अपुऱ्या तयारीचे होते. कदाचित याच कारणाने हा सामना एवढा अटीतटीचा झाला.

पुढच्या वर्षी, २४ फेब्रुवारी २०२४ रोजी, विगनने पेनरिथला इंग्लंडमध्ये १६-१२ असे हरविले. विगनचे हे पाचवे जागतिक विजेतेपद; ईस्टर्न सबर्ब्सचाच वारसा चालविणाऱ्या सिडनी रूस्टर्सच्या नावावरही १९७६ चे धरून पाचच आहेत. पेनरिथची गोष्ट याहून विलक्षण आहे. २०२१ पासून २०२४ पर्यंत सलग चार वर्षे या क्लबाने ऑस्ट्रेलियातील विजेतेपद राखले. पहिल्या वर्षीच्या विजेतेपदाला साथीमुळे जागतिक लढत लाभली नाही. दुसऱ्या व तिसऱ्याला ती लाभली आणि अनुक्रमे एका व चार गुणांनी गमावली गेली. चौथ्याची पाळी २०२५ साली यावयाची. पण त्या वर्षी विगन व वॉरिंग्टन यांचा साखळी सामना १ मार्च रोजी अमेरिकेतील लास व्हेगास येथे ठेवण्यात आला होता, पेनरिथचाही हंगाम त्याच सुमारास त्याच शहरात सुरू व्हावयाचा होता, आणि दोन विजेत्यांच्या लढतीसाठी वेळापत्रकात जागा उरली नाही. १९९१ व २००४ चे पराभव धरले तर पेनरिथ या लढतीत २०२४ पर्यंत चार वेळा उतरला आणि चारही वेळा हरला.